अंगणात गेलेली शाळा : कै. ताराबाई मोडक

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या पालघर-बोईसर भागात कोणत्याही बाजारपेठेच्या रस्त्याने थोडे चालत जावे, एक तरी रंगीत फलक असा दिसतोच की ज्याच्यावर 'माँटेसरी' हा शब्द लिहिलेला असतो. बाजूला बदकाचे किंवा सशाचे चित्र आणि खाली फी भरण्याच्या तारखा. आणि त्याच गावात, बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात, एक लहानशी खोली असते, तिच्यावर 'अंगणवाडी' असे लिहिलेले असते. हे दोन्ही शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की ते कोठून आले याचा विचार कोणी करीत नाही. माझी आई उमरोळीच्या बाजूला अंगणवाडीत मदतनीस आहे. ती हा शब्द दिवसातून पन्नास वेळा म्हणत असेल. पण तो आपल्याच जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी रूढ झाला हे तिला मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. मलाही ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आल्यावरच कळले. एक शब्द इटलीतल्या एका डॉक्टरबाईंचे आडनाव, आणि दुसरा बोर्डीच्या वस्तीतला. या दोन शब्दांना एकत्र आणणारी व्यक्ती म्हणजे कै. पद्मभूषण ताराबाई मोडक.

ताराबाईंवर लिहायचे म्हटले की आपल्याकडे लगेच त्यागमूर्ती, ज्ञानज्योती अशी विशेषणे सुरू होतात. ती खोटी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु त्यांच्या चरित्रातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती या विशेषणांच्या खाली दबून जाते. शाळेत न येणाऱ्या मुलाकडे त्या ज्या दृष्टीने पाहत, ती ही गोष्ट होय. म्हणून जन्म, शिक्षण, सन्मान हे सारे थोडक्यात सांगून मी त्या गोष्टीकडे वळणार आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. ज्या काळी मुलींनी चार बुके शिकणे हीच मोठी गोष्ट होती त्या काळी त्या घरात मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही. १९२१ साली ते कायद्याने विभक्त झाले. त्या वर्षी एका सुशिक्षित ब्राह्मण घरातल्या स्त्रीने घटस्फोट घेणे म्हणजे काय, याची कल्पना आज आपल्याला येणार नाही. पदरी लहान मुलगी, हातात पदवी, आणि समोर कोणतीही ठरलेली वाट नाही, अशा स्थितीत त्या काठेवाडात राजकोटला गेल्या आणि तेथल्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मोठा पगार, बंगला, मान, सगळे होते. दोनच वर्षांत, १९२३ साली, ते सोडून त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे आल्या.

गिजुभाईंबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. ते पेशाने वकील. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याला शिकवायचे कसे, या काळजीतून ते पुस्तके वाचू लागले आणि त्यांच्या हाती मारिया माँटेसरीचे पुस्तक आले. वकिली सुटली ती सुटलीच. १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर काढले. भरघोस मिशांचा हा माणूस मुलांवर इतकी माया करी की लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. ताराबाई आणि गिजुभाई यांनी मिळून १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. संघाच्या शिक्षणपत्रिकेचे मराठी रूप ताराबाईंनी सांभाळले. मराठी आईबापांना, मुलाला मारू नका, त्याच्या हाताला काम द्या, हे साध्या भाषेत सांगण्याचे काम या पत्रिकेने वर्षानुवर्षे केले.

आता माझ्या मुख्य मुद्द्याला जरा लांबून सुरुवात करते, कारण तो भावनगरला सुरू होत नाही, रोममध्ये सुरू होतो.

मारिया माँटेसरी १८९६ साली रोम येथे वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. विद्यापीठाच्या मानसोपचार रुग्णालयात काम करताना त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली लहान मुले दिसली. ही मुले वेडी नव्हती. ती मतिमंद होती, काहींना बोलता येत नव्हते, काहींना धड चालता येत नव्हते. त्यांना ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून मोठ्या वेड्यांबरोबर ठेवलेले. हातात धरायला, चाचपायला, खेळायला एक वस्तू नाही. ही मुले औषधाची नव्हेत, शिक्षणाची आहेत, असे या तरुण डॉक्टरबाईंच्या मनाने घेतले. मग त्यांनी जुनी फ्रेंच पुस्तके शोधली. इटार हे पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतले डॉक्टर. त्यांनी १८०० च्या सुमारास अरण्यात सापडलेल्या एका मुक्या मुलाला माणसांत आणण्यासाठी कित्येक वर्षे खर्ची घातली होती. सेगँ हे इटार यांचे शिष्य. मतिमंद मुलांच्या बोटांना, डोळ्यांना, कानांना वळण देणाऱ्या वस्तू त्यांनी तयार केल्या होत्या. माँटेसरींनी ही पुस्तके स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढली. झेरॉक्स काढून नोट्स जमवणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक शाळा निघाली. तिच्या संचालकांपैकी माँटेसरी एक होत्या. तेथे त्या दिवसभर मुलांबरोबर असत आणि रात्री टिपणे करीत. लाकडी अक्षरे बोटांनी गिरवायची, ठोकळे आकाराप्रमाणे खाचेत बसवायचे, मणी मोजायचे, गुंड्या लावायच्या. यांतली काही मुले साध्या शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने वाचन-लेखनाच्या परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. सगळे लोक अचंबित झाले. माँटेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला. मतिमंद मुले जर इथपर्यंत येतात, तर साध्या शाळांतली धडधाकट मुले इतकी मागे का राहतात? या प्रश्नातून पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब मजुरांच्या वस्तीत, चाळीच्या एका खोलीत, त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले.

मला येथे थांबून वाचकांना एवढेच विचारावेसे वाटते, की फलकावर बदकाशेजारी लिहिलेला तो शब्द मूळचा कोणाचा? ते ठोकळे, ते मणी, ती खरखरीत अक्षरे प्रथम कोणासाठी झाली? ज्यांना कोणत्याही शाळेने घेतले नसते त्या अपंग मुलांसाठी. त्यांच्यानंतर गिरणी-मजुरांसारख्या लोकांच्या मुलांसाठी. फी भरणाऱ्यांचा क्रमांक तिसरा लागतो, आणि आज तोच पहिला झाला आहे.

ताराबाईंच्या चरित्रात हाच प्रश्न त्यांच्या स्वतःसमोर उभा राहिला. १९३६ साली त्या मुंबईस आल्या आणि दादरला हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. शाळा उत्तम चालली. शिक्षिका तयार होऊ लागल्या, आईबाप कौतुक करू लागले. परंतु मुले कोणाची? डॉक्टरांची, वकिलांची, सरकारी नोकरांची. माँटेसरी साहित्याची एक पेटी म्हणजे भारी किमतीचे लाकूडकाम, तेही मापात अचूक. जेथे पैसा तेथेच ही पेटी जाणार. ताराबाईंना हे बोचत होते. त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते, प्रकृती काही फार चांगली नव्हती, संस्था नावारूपाला आली होती. अशा वेळी पुष्कळ माणसे आत्मचरित्र लिहायला घेतात. ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातले बोर्डी गाठले.

ते १९४५ साल आपल्या भागाच्या इतिहासात विसरता येण्यासारखे नाही. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तो याच वर्षी, गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली. एकीकडे जंगलपट्टीत हे चाललेले आणि दुसरीकडे किनाऱ्यावर बोर्डीला आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी शाळेची आणि आदिवासी सेवेची परंपरा निर्माण केलेली. अशा गावी ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. बालपणीच लग्न, तेराव्या वर्षी काही महिन्यांतच वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालेल्या या बाई ताराबाईंना बोरिवलीच्या एका शिबिरात भेटल्या आणि थोडे दिवस म्हणून आल्या त्या आयुष्यभर राहिल्या. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, डोळे अधू झालेले असताना, अनुताईंनी बी.ए. केले. हे मी आमच्या वर्गातल्या मुद्दाम दोघी-तिघींना सांगितले आहे.

बोर्डीत बालवाडी उघडली. जागा होती, शिक्षिका होत्या, शिकवण्याची तळमळ होती. पण ज्यांच्यासाठी ती उघडली ती मुले येईनात. गावाच्या कडेच्या वस्तीतली, ज्या वस्तीला तेव्हा हरिजनवाडा म्हणत, तेथली मुले घरीच राहात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळीत, कोणाच्या अंगावर कपडा नसे, कोणाच्या आईला वाटे की त्या शाळेत आपल्या पोराला कोण बसू देणार. अशा वेळी शाळा काय करते? शाळा हजेरीपट लिहिते आणि त्याच्यापुढे 'गैरहजर' असा शेरा मारते. ताराबाईंनी शेरा मारला नाही. मूल येत नसेल तर आपण मुलाकडे जावे, असे ठरवून त्यांनी शाळाच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. तीच अंगणवाडी. झाडून-सारवून घेतलेले अंगण, सोबत पाणी, फणी, नेलकटर आणि गाणी. प्रथम आंघोळ, मग गोष्ट. मोठे अंतर असलेल्या वस्तीत अशी अंगणातली बालवाडी आणि गावात एक मध्यवर्ती बालवाडी, अशी त्यांनी व्यवस्था बसवली.

आणि ती महागडी पेटी? तिची जागा शंख-शिंपल्यांनी, चिंचोक्यांनी, पानांनी, बियांनी घेतली. मोजायला मणी हवेत, तर गुंजा आहेत. लहान-मोठा हा भेद शिकवायला ठोकळे हवेत, तर दगड आहेत. यात गरिबाला स्वस्तातले देऊन समाधान मानण्याचा प्रकार नव्हता. वस्तू हातात घेतल्यावर मुलाच्या बोटांना आणि डोळ्यांना काय शिकायला मिळते, हे ताराबाईंनी नीट ओळखले होते. म्हणून वस्तू बदलली तरी शिक्षण बदलले नाही. मला तर वाटते की माँटेसरींनी इस्पितळातल्या मुलांसाठी जे केले त्याच्या फार जवळ बोर्डीचे हे अंगण होते. दादरच्या शाळेपेक्षाही जवळ.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. उमरोळीहून जायचे म्हणजे बोईसर, वाणगाव करीत डहाणू रोड, आणि तेथून पुढे रस्त्याने. वाटेत चिकूच्या वाड्या लागतात. टेकडीवर आणि भोवतीच्या पाड्यांवर वारली वस्ती. येथे ताराबाईंनी एक वेगळी रचना केली, तिला नाव दिले विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. कारण साधे होते. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. त्या भावंडाला पाळणाघरात घेतले की तिचे हात मोकळे होतात. म्हणजे मुलीला शाळेत आणायचे तर तिच्या भावाची सोय आधी करावी लागते. उपदेशाने हे होत नाही.

तरीही काही मुले उरलीच. ती सकाळीच गुरे घेऊन रानात जात. त्या राखणीवर घरात धान्य येई. ही मुले येणार कशी? तर त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली, आणि शाळा चालू. हिला कुरणशाळा म्हणत. ताराबाईंचे सगळे चरित्र या एका शब्दात आले आहे असे मला वाटते. दर वेळी जे मूल उरते त्याच्या अडचणीचे नाव शोधायचे आणि त्या नावाची शाळा काढायची. अंगणात अडले, अंगणवाडी. कडेवरच्या भावंडाने अडले, विकासवाडी. गुरांनी अडले, कुरणशाळा. ताराबाईंचे नाव आपण आदिवासी मुलांच्या शिक्षणाशी जोडतो आणि ते बरोबरच आहे. पण कानाने, डोळ्याने, बुद्धीने किंवा पायाने अडलेल्या मुलाला ही रीत लावली तर काय निघते, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचे कारण पुढे सांगते.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोग असा की ३१ ऑगस्ट हा माँटेसरींचा जन्मदिवस. त्यांच्या मृत्यूनंतर अनुताईंनी कोसबाडचे काम आणखी जवळजवळ दोन दशके, १९९२ साली स्वतः जाईपर्यंत, वाढवले. ताराबाई गेल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७४ साली, केंद्र सरकारने अपंग मुलांना साध्या शाळांत इतर मुलांबरोबर शिकवण्याची योजना आणली. आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. म्हणजे एका खासगी संस्थेने वस्तीतल्या अंगणात जे केले ते सरकारने उचलले आणि गावोगाव नेले. माझ्या आईला मिळणारे मानधन, हजेरीचे रजिस्टर, खिचडीचे पातेले, या सगळ्याच्या मागे बोर्डीचे ते अंगण आहे.

खासगी आणि सरकारी ही दोन टोके आपण समजतो, पण आपल्या राज्यात अपंग मुलांचे शिक्षण पहिल्यापासून या दोहोंच्या आधाराने उभे राहिले आहे. मुंबईत १८८५ च्या सुमारास मूकबधिरांची शाळा निघाली ती ख्रिस्ती धर्मगुरूंनी काढली. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली. आजही महाराष्ट्रातल्या विशेष शाळा बहुतांशी खासगी संस्थाच चालवतात आणि त्यांतल्या पुष्कळ शाळांना सरकार अनुदान देते. तेव्हा खासगी शाळेतल्या मुलापर्यंत सरकारी मदत पोहोचूच शकत नाही, असे म्हणायला काही आधार नाही. पण प्रत्यक्षात काय होते ते सांगते.

माझा एक मावसभाऊ आहे, वय वर्षे आठ. त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. कानाला यंत्र आहे. काका तारापूरच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे काम करतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात खासगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुले वंचित घटकात धरली गेली. त्यानुसार अर्ज करून त्याला एका इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जागा मिळाली. घरात पेढे वाटले. फी भरावी लागत नाही, ती सरकार शाळेला देते. पुढे काय झाले? वर्गात मुले पुष्कळ, बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, पंखा घरघरतो. ओठ दिसले नाहीत की त्याला समजत नाही. मग तो शेजारच्याच्या वहीत पाहतो आणि कॉपी करतो म्हणून शिक्षा होते.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अशा मुलांसाठी फिरत्या विशेष शिक्षिका येतात. ओठ पाहून शब्द कसा ओळखायचा, यंत्राची काळजी कशी घ्यायची, वर्गशिक्षकांनी कोठे उभे राहून बोलायचे, हे सारे त्या सांगतात. मावशीने चौकशी केली की या बाई आमच्या मुलाच्या शाळेत का येत नाहीत. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात असे तीन खेटे झाले, दोन दिवसांची मजुरी बुडाली. उत्तर मिळाले ते नियमाला धरूनच होते. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाची ही मदत सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. मुलगा विनाअनुदानित शाळेत आहे, म्हणून तो यादीत येत नाही. शाळेत विचारले तर तेथले उत्तर असे, की असा शिक्षक ठेवणे त्यांना परवडत नाही.

कायद्याकडे पाहिले तर तो असे म्हणत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. सरकारी अनुदान घेणाऱ्याच नव्हे तर सरकारची मान्यता असलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांनी अपंग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्यांच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असे त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या प्राथमिक वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. हा कायदा अंमलात आला ती तारीख १९ एप्रिल २०१७. ताराबाईंच्या जन्माला त्या दिवशी बरोबर १२५ वर्षे पूर्ण झाली. कायदा करणाऱ्यांच्या हे ध्यानात असेल असे मला वाटत नाही, पण मी ती तारीख वहीत लाल शाईने लिहून ठेवली आहे.

प्रवेशाचा हक्क मुलाच्या नावावर आहे, फीची रक्कम मुलाच्या नावावर शाळेला जाते, आणि शिकवणारी बाई मात्र इमारत पाहून येते. या तिन्हींचा मेळ कोणी घातलेला नाही. काही जण मला म्हणाले की मग मुलाला खासगी शाळेतून काढा आणि जिल्हा परिषदेत घाला. हे म्हणणे अगदीच चूक नाही. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकले. पण ती निवड आईबापांनी शाळेचे गुण पाहून करायची. मदत पाहिजे असेल तर हक्काची जागा सोड, अशी अट त्यांच्यावर घालणे निराळे. दुसरे काही जण म्हणाले की फी घेणाऱ्या शाळेला सरकारने शिक्षक का पुरवावा. या प्रश्नातही तथ्य आहे. सरकारी पैशाने खासगी चालकाचा खर्च वाचू नये. परंतु फिरती शिक्षिका शाळेला दिलेली नसते, ती मुलाला दिलेली असते. ताराबाई कुरणात शिक्षक पाठवीत तेव्हा गुरांच्या मालकाला मदत होईल का, याचा हिशेब त्यांनी मांडल्याचे कोठे वाचनात नाही. मूल ज्या ठिकाणी सापडेल ते शाळेचे ठिकाण.

वस्तुतः हे फार खर्चाचेही नाही. केंद्रातल्या सगळ्या मुलांची यादी करताना खासगी शाळांचीही नावे घ्यावी. अंगणवाडीत तीन वर्षांच्या मुलाचे ऐकणे-बोलणे लक्षात येते. माझ्या मावसभावाचेही आधी अंगणवाडीतच लक्षात आले होते, टाळी वाजवली तरी तो वळून पाहत नसे. त्याचे नाव त्या रजिस्टरात होते. सहाव्या वर्षी तो खासगी शाळेत गेला आणि नाव पुढच्या यादीतून गळले. मूल तेच, कान तेच, गावही तेच.

सध्या मावशीने एक वाट काढली आहे. फिरत्या बाई ज्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर त्याला तेथे बसू द्यावे, असा अर्ज तिने दोन्ही शाळांना दिला आहे. अर्ज मी लिहिला. दोन्ही मुख्याध्यापकांनी तोंडी होकार दिला आहे, लेखी कोणी दिलेला नाही. दोन शाळांमधले अंतर पायी पंधरा मिनिटांचे आहे, आणि गेले तीन आठवडे माझी आई अंगणवाडी सुटल्यावर त्याला हाताला धरून एकीकडून दुसरीकडे नेते आहे.